काकूची डमी

काकूला कॉर्पोरेटर व्हायचं होतं. मला नव्हतं. मतदानाच्या मशीनवर मात्र माझं नाव आलं आणि नावापुढे एक फुलकोबी. हे कसं झालं असं जो भेटेल तो विचारतो. मी हसून विषय बदलते. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, म्हणून आता लिहूनच टाकते.

आम्ही सुरतेत डिंडोलीला राहतो. काका बँकेत शिपाई होते, आता घरी असतात. काकू ब्लाउज शिवते, असं ती लोकांना सांगते. पण शिलाईपेक्षा तिचा जास्त वेळ दुसऱ्यांच्या कागदांत जातो. नवागामपासून गोडादऱ्यापर्यंतच्या खानदेशी बायका हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर येतात. कोणाला रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असतं, तर कोणाचं आधारवरचं वय सासूपेक्षा जास्त आलेलं असतं. काकू सातवी शिकलेली. पण कुठल्या खिडकीवर कधी जायचं, कोणत्या साहेबाला जेवणाआधी गाठायचं आणि कोणाला जेवणानंतर, हे तिला तोंडपाठ आहे. वीस वर्षं ती त्या खिडक्यांच्या अलीकडे उभी राहिली.

"आता माले आत बसनं शे," ती म्हणायची. "तिकडून आपले लोकं कसे दिसतात ते एकदा पाहू दे."

एवढीच तिची महत्त्वाकांक्षा होती, आणि ती चांगली दांडगी होती. आमच्या वॉर्डात चार जागा, त्यातल्या दोन बायकांच्या. तिने मोठ्या पक्षांकडे तिकीट मागितलं. एका ठिकाणी तिला चहा मिळाला. दुसऱ्या ठिकाणी "बेन, तुमचं काम फार सरस आहे, करत राहा" असं ऐकायला मिळालं. मग तिने अपक्ष उभं राहायचं ठरवलं.

फॉर्म मी भरणार हे कोणी ठरवलं नव्हतं, ते आधीपासून ठरलेलंच होतं. मी इंग्लिश मीडियमची. त्यामुळे जगातला कुठलाही फॉर्म मला भरता येतो अशी आमच्या सोसायटीची समजूत आहे. हा फॉर्म गुजरातीत होता. गुजराती मी बऱ्यापैकी बोलते, पण वाचताना बोट फिरवावं लागतं. मी एका डिजिटल प्रिंटच्या युनिटमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करते. तिथे दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही. ही त्या नोकरीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

आमच्या सोसायटीत कोर्टातून निवृत्त झालेले एक क्लार्क आहेत. त्यांना सगळे क्लार्ककाका म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "वहिनी, एकटीचा फॉर्म कधी भरायचा नसतो. सोबत एक डमी भरायचा. तुमच्या फॉर्मात काना-मात्रा चुकून फॉर्म उडाला, तर डमी कामाला येतो. नाही उडाला, तर डमीने माघार घ्यायची. सगळे असंच करतात."

"डमी कोण?" काकाने विचारलं.

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी पोळी खात होते.

"ही," ती म्हणाली. "ही पळून नाही जाणार. हिला दुकानात कोथिंबीर मागायला लाज वाटते, पळायची हिंमत कुठून आणेल?"

तर असं माझं राजकारणात पदार्पण झालं.

आता जी गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती आणि म्हणून कोणाच्याच लक्षात नव्हती, ती सांगते. काकू माझी काकू आहे. माझे आईवडील नंदुरबारकडे गावी असतात. मी पाच वर्षांची असताना काकूने मला सुरतला आणलं, कारण तिच्या मते मी "हुशार दिसत" होते. मी गप्प बसायचे, त्याचा तिने हा अर्थ काढला. शाळेने मुलाखतीला आईवडील दोघं पाहिजेत म्हणून सांगितलं. गावाकडच्या दोघांना सही येत नव्हती. माझा जन्म घरी झालेला, दाखला कुठे नव्हताच. मग कोणाच्या तरी ओळखीने दाखला निघाला, आणि त्यावर वडील म्हणून काका आणि आई म्हणून काकू असं लागलं. रेशनकार्ड, आधार, कॉलेज, पासपोर्ट सगळं त्याच्याच मागे रांगेत आलं. आमच्याकडे हे नवीन नाही. भावाची मुलं, बहिणीची मुलं शिकायला सुरतला येतात आणि ज्याच्या घरी राहतात त्याच्या कागदावर चढतात. घरातलं घरात खरं असतं आणि कागदातलं कागदात खरं. दोन्ही खरी कधी एका टेबलावर येत नाहीत, म्हणून भागतं.

मी ती दोन्ही एका टेबलावर आणली, एकाच संध्याकाळी आणि एकाच पेनाने.

काकूच्या प्रतिज्ञापत्रात मुलांची संख्या विचारली होती. मी लिहिलं, दोन. तिची मुलगी लग्न होऊन नाशिकला आहे, आणि मुलगा बारावीत. हे खरंच होतं. मग माझा डमी फॉर्म घेतला. त्यात वडिलांचं नाव विचारलं होतं. मी काकाचं नाव लिहिलं. हेही कागदाप्रमाणे खरंच होतं. लिहिताना मला काही म्हणजे काही खटकलं नाही. काकाने वाचलं, त्यालाही नाही. क्लार्ककाकांनी दोन्ही फॉर्म दोनदा वाचले आणि एका ठिकाणी स्वल्पविराम घातला.

छाननीच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये सगळे उमेदवार आपापल्या वकिलांना घेऊन बसले होते. आमच्याकडे क्लार्ककाका होते. काकूने मोरपिशी साडी नेसली होती. तिचं नाव पुकारलं तसा समोरच्या पक्षाचा एक वकील उठला. तरुण होता, केसांना जेल होतं. त्याने आमचे दोन्ही फॉर्म मागितले आणि साडीचे दोन पीस रंग जुळतो का बघायला ठेवावेत तसे शेजारी शेजारी ठेवले.

"साहेब, ह्या बेनचे पती अमुक," तो गुजरातीत म्हणाला. "ह्या छोकरीचे वडील पण तेच अमुक. पत्ता पण तोच. ह्या बेन म्हणतात मुलं दोन. मग ही कोण?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. ही कोण, हा प्रश्न मलाही अधूनमधून पडतो, पण इतक्या लोकांसमोर कधी पडला नव्हता.

गुजरातेत नियम असा आहे की ठरावीक तारखेनंतर तिसरं मूल झालं असेल तर पालिकेची निवडणूक लढता येत नाही. काकूचा मुलगा त्या तारखेनंतरचा. कागदावर मी पहिली का नाशिकची ताई पहिली, काही असो, बेरीज तीन होत होती. बारावीचा अभ्यास करणारा तो बिचारा एका क्षणात तिसरं अपत्य ठरला.

अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने काकूला बाहेर जाऊन विचार करायला थोडा वेळ दिला. आम्ही जिन्यापाशी उभे राहिलो.

"वहिनी, दोनच रस्ते," क्लार्ककाका म्हणाले. "सांगायचं की ही दिराची मुलगी आहे, दाखला चुकीचा निघाला. लिहून द्यायचं. तुमचा फॉर्म वाचेल. पण मग हिचा दाखला खोटा. दाखला खोटा म्हणजे हिचं सगळंच..." त्यांनी हाताने कागद उडून गेल्यासारखं केलं.

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे गप्प बसायचं. तुमचा फॉर्म गेला."

काका भिंतीकडे बघत होता. काकू माझ्याकडे बघत होती. मला काय वाटत होतं असं कोणी विचारलं, तर छान काहीतरी सांगता येईल. पण खरं सांगते, माझ्या मनात त्या वेळी माया वगैरे काही नव्हती. पासपोर्ट होता. मी कुठे जाणार नव्हते, तरी पासपोर्ट होता. आणि वीस वर्षं खिडकीबाहेर उभ्या राहिलेल्या बाईला "तू तुझं बघ" म्हणावं, असं माझ्या मनात आलं. ओठांवर आलं नाही. ओठांवर माझ्या सहसा काही येतच नाही.

काकू पदर खोचून आत गेली. आम्ही मागून.

"बेन," अधिकाऱ्याने विचारलं, "तमारे केटलां बाळको छे?" तुम्हाला मुलं किती.

"त्रण," काकू म्हणाली. तीन. तेही अशा आवाजात की जणू तोच कमी मोजत होता.

अधिकाऱ्याने शिक्का मारला. काकूचा फॉर्म रद्द. त्याच्या खालचा माझा फॉर्म बघितला, सगळं बरोबर होतं, मंजूर.

बाहेर आल्यावर काकूने माझ्या डोक्यात एक टपली मारली. "इतकं सुवाच्य कशाला लिहिलंस? जरा गिचमिड काढली असतीस तर त्याला वाचता तरी आलं नसतं." मग ती पायरीवर बसली आणि पाण्याची अख्खी बाटली प्यायली. तिचे डोळे लाल झाले होते. ते आमच्यापैकी कोणी पाहिलं नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं.

माघारीला अजून वेळ होता. मी रात्रभर माघारीचं पत्र मनातल्या मनात लिहिलं. सकाळी काकू शिलाई मशीनपाशी बसून म्हणाली, "तू निवडून ये. खुर्चीवर तू बस, बाजूला स्टूल टाकून मी बसते. बोलायचं काम माझं." तिने हे ब्लाउजचं माप सांगावं तसं सांगितलं. मनातलं ते पत्र मी कागदावर उतरवलंच नाही.

आणि एक सूचना आली. "लोकांसमोर मला काकू म्हणायचं नाही. आई म्हणायचं. तो जेलवाला कान लावून फिरत असेल."

एकोणीस वर्षं काकू म्हटल्यावर जीभ अशी एका दिवसात वळत नाही. गावच्या आईला फोन करून सांगितलं, तर ती हसत सुटली. "म्हण ना व, मी काय खाई टाकसू तुले?" तिला चालत होतं. अडत माझंच होतं. मग मी मधला मार्ग काढला. प्रचाराचे सगळे दिवस मी काकूला हाकच मारली नाही. काही सांगायचं असलं की तिच्या पदराला हळूच ओढायचे. लोकांना वाटलं, किती लाडाची मुलगी आहे.

चिन्ह म्हणून आम्ही शिलाई मशीन मागितलं होतं. ते दुसऱ्याला गेलं. आम्हाला फुलकोबी मिळाली. पत्रक मीच डिझाइन केलं. डावीकडे माझा फोटो, उजवीकडे फुलकोबी. काकाने लांब धरून पाहिलं आणि म्हणाला, "दोघींत कोबी जास्त हसरी दिसते."

प्रचारात काकू पुढे, मी हात जोडून मागे. बायका माझ्याबद्दल काकूशीच बोलायच्या, मी बाजारातून आणलेली वस्तू असल्यासारखं.

"ताई, ही बोलत नाही का?"

"आजवरच्या बोलणाऱ्यांनी तुझं काय भलं केलं?" काकू म्हणायची. बायका हसायच्या आणि पत्रक घ्यायच्या. "तुम्हालाच देणार, ताई. तुम्ही नसता तर माझी पेन्शन कुठली सुरू झाली असती." असं प्रत्येक दारात. मी मनातल्या मनात मोजायचे आणि आपण निवडून येतोय की काय, अशी भीती वाटायला लागायची.

एकदा एका चिंचोळ्या गल्लीत मोठ्या पक्षाच्या बाईंची मिरवणूक समोरून आली. ढोल, फटाके, मोपेडवर झेंडे. बाईंचा नवरा माइकवर बोलत होता, बाई नुसत्या हात जोडून चालत होत्या. गल्ली इतकी अरुंद की आम्ही दोघी उमेदवार भिंतीला पाठ लावून समोरासमोर अडकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"पग दुखे छे?" त्यांनी हळूच विचारलं. पाय दुखतात का.

"बहु," मी म्हणाले. खूप.

"मारा पण." मग ढोल पुढे सरकला आणि त्याही सरकल्या. सगळ्या निवडणुकीत मी कोणाशी मनापासून बोलले असेन तर ते एवढंच.

माझं भाषणही झालं. चौकात दोन टेबलं जोडून स्टेज केलं होतं. क्लार्ककाकांनी मला दोन पानी भाषण लिहून दिलं होतं, त्यात 'कटिबद्ध' हा शब्द चार वेळा होता. मी माइक हातात घेतला. समोर बायका, पोरं, ताक विकणारा छासवाला. मी माझं नाव सांगितलं. फुलकोबी म्हणाले. "नमस्कार" शेवटी म्हणाले, कारण सुरुवातीला विसरले होते. आणि उतरले. टाळ्या मात्र भरपूर पडल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "आज लवकर सोडलं, चांगली बाई आहे."

त्याच संध्याकाळी एका दारात एक म्हातारी बाई मला धरून बसली. काकू शेजारच्या घरात होती.

"खरं सांग," ती म्हणाली. "तू तिला आतापर्यंत काकू म्हणायचीस. मी ऐकलंय. मग ती आई कशी?"

मला वाटलं जेलवाला वकील पलंगाखाली असेल. मी म्हणाले, "फॉर्ममध्ये ती आई आहे."

"आणि फॉर्मच्या बाहेर?"

"फॉर्मच्या बाहेर ती मला ओरडते."

म्हातारीने हे जरा घोळवलं. "म्हणजे आईच," ती म्हणाली आणि तिने मला गुळाची पापडी दिली.

आमच्याकडे मतदाराला चार मतं असतात, चार जागांसाठी चार. काकूने घरोघर समजावलं होतं, बाकीची तीन कोणालाही द्या, एक फुलकोबीला द्या. यात कोणाचंच काही जात नव्हतं. मतदानाच्या दिवशी बायका केंद्रातून बाहेर येताना काकूकडे बघून डोळा मिचकावत होत्या. काकू घरी आली आणि तिने खरोखर एक स्टूल पुसून ठेवलं.

मोजणीला ती माझी प्रतिनिधी म्हणून आत गेली. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. एकेका केंद्राचं मशीन उघडलं की आकडा सांगायचे. काकूला प्रत्येक केंद्रात कोणती गल्ली येते ते माहीत होतं, आणि प्रत्येक गल्लीत कोणाचं कोणतं काम केलं तेही. सुरुवातीला ती लिहीत होती. मग तिने वही मिटली. लोकांनी चारही मतं एकाच पक्षाला दिली होती, एकाखाली एक, ओळीने. आमच्या स्वतःच्या गल्लीतही फुलकोबी ओशाळवाणी होती. ढोलवाल्या बाई दणक्यात निवडून आल्या. मी शेवटून तिसरी. माझ्यामागे जे दोघं होते त्यांनी प्रचारच केला नव्हता.

मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. घरी आल्यावर काकू म्हणाली, "त्या डोळा मारत होत्या ना? मला वाटलं, आपल्याला मत दिलं म्हणून मारतात."

मग तिने दार लावून घेतलं. आमचं दार दिवसा कधी लागत नाही. बायका पिशव्या घेऊन येत, कडी वाजवत, आणि काकू आतून मला खूण करायची, कोणी नाही म्हण. मी 'कोणी नाही' असंही न म्हणता नुसती उभी राहायचे. बायका जायच्या. तीन दिवस काकूने ब्लाउज शिवले. त्या तीन दिवसांत शिवलेल्या सगळ्या बाह्या घट्ट झाल्या, असं नंतर कळलं.

चौथ्या दिवशी मी कामावर जायला निघाले होते. कडी वाजली. काकूने खूण केली. मी दार उघडलं. आमच्याच गल्लीतली एक बाई होती, हातात पिशवी.

"ताई आहे का गं?"

"आहे," मी म्हणाले. "पण ती रागावली आहे."

मागे मशीन थांबल्याचा आवाज आला. बाई चपलांकडे बघायला लागली. आणि मग, कोण जाणे का, मी असा प्रश्न विचारला जो उमेदवाराने कधी विचारायचा नसतो. "तुम्ही मत कोणाला दिलं?"

"तुलाच की," ती म्हणाली. मी काही बोलले नाही. गप्प बसायला मला कधीच त्रास होत नाही. तिला झाला. "म्हणजे... चार होती ना. एक तुला देणारच होते. पण मालक म्हणाले, सरळ रेषेत दाब, नाहीतर मशीन बिघडतं."

"चारातलं एक पण नाही?" आतून काकूचा आवाज.

"एक दाबलं ना ताई!"

"कितवं?"

"चौथं."

"खोटं बोलू नको व. चौथं भी त्यास्लेच दिन्हं व्हई तू."

बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसताना रडू आल्यासारखं झालं. काकू उठून दारात आली, हातात टेप, दातांत टाचणी. ती बाईकडे बघत राहिली. मी दोघींच्या मध्ये होते, तर जरा बाजूला सरकले. बाईच्या पिशवीतून कागदाचं एक टोक बाहेर आलेलं होतं. काकूची नजर दोनदा तिकडे गेली आणि दोनदा परत आली.

"नवीन कॉर्पोरेटरकडे जा ना," काकू म्हणाली.

"गेले होते. तिथे ढोलवाले बसलेत."

काकूने टाचणी दातांतून काढून ब्लाउजला टोचली.

"काय काम आहे?" तिने विचारलं.